बाबांच्या पाठीसाठी

हे आईला अजून कळलेलं नाही.

लॉनवर औषध फवारताना हातपंपाचा दांडा मारून मारून बाबांची पाठ धरते, म्हणून मी त्यांना बॅटरीवरचा पंप घेऊन द्यायचं ठरवलं. आमचं लॉन जेमतेम दोन चादरींएवढं, पण मी अकरा पंपांचा तक्ता करूनच बाबांना दुकानात नेलं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून दुकानदाराने एक पंप पाण्याने काठोकाठ भरला आणि बाबांच्या पाठीवर चढवला. मी तक्ता उघडला. बॅटरी किती तास चालते, पट्ट्यांना गादी का नाही, दुसरा पंप अर्धा किलो जड कशामुळे, असं एकेक विचारत मी त्याला धारेवर धरलं.

"अरे, जरा ऐकतोस का?" बाबा म्हणाले.

"थांबा हो बाबा. तुमच्याच पाठीसाठी भांडतोय ना मी!"

बाबा थांबले. मी बॅटरीवरून नोझलवर गेलो, नोझलवरून गॅरंटीवर आणि गॅरंटीवरून रंगावर. दुकानदार दोनदा खाकरला. मला वाटलं, भाव कमी करतोय.

शेवटी मी मुद्द्याचं विचारलं, "हे बघा, बाबांचं वय झालंय. भरलेला पंप पाठीवर घेऊन ते किती वेळ उभे राहू शकतील?"

दुकानदाराने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

 

"पाऊण तास झाला, दादा. काका अजून उभे आहेत."