चौथा दिवा

“एवढं शिकून शेवटी चाळणच केलीस,” मावशी म्हणाली.

रविवारची सकाळ होती. ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, साबणाची निळी डबी ठेवलेली होती. आत नखाएवढी चिप. बाहेर माइकसाठी एक बारीक भोक, एक बटण आणि चार दिवे. कानावर पडेल तो आवाज ही चिप तिथल्या तिथे चाळते, जाड एका कप्प्यात, बारीक दुसऱ्यात, आणि कुठल्या कप्प्यात किती जोर आहे त्यावरून आवाज ओळखते, असं कल्याणीनं समोर उभं राहून समजावलं होतं. मावशी ओठांवरून बोलणं वाचायची.

हडपसरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर राबून तिचे कान गेले होते. कानातलं मशीन भुणभुण करतं म्हणून तिनं ते कपाटात टाकलं होतं. मग दारात माणसं बेल वाजवून कंटाळायची आणि कुकर शिट्ट्या मारून थकायचा. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. त्यांतल्या एकीत बसून कल्याणी परदेशातल्या बँकांसाठी प्रोग्रॅम लिहायची. ही डबी मात्र तिनं घरासाठी केली होती.

बेलला तांबडा दिवा, शिट्टीला पिवळा, हाकेला हिरवा. कल्याणी बाहेरच्या खोलीत गेली आणि ओरडली, “मावशी!” हिरवा दिवा लागला. मावशीनं डबीकडे रोखून पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, “मावशी!” पुन्हा हिरवा लागला.

“अगं, मीच मला हाक मारली तरी लागतो मेला!”

“कोण म्हणालं ते त्याला कळत नाही. काय म्हटलं तेवढंच कळतं.”

“म्हणजे माणसं बघून वागत नाही. बरंय.” मावशीनं पांढऱ्या दिव्यावर बोट ठेवलं. “आणि हा?”

“तो रिकामा आहे. तुला हवं ते शिकव. बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकला की आवाज ऐकवायचा.”

“मला काय हवंय?” मावशी म्हणाली आणि कणीक मळायला वळली. “बघू.”

मावशी म्हणजे शालन, कल्याणीच्या वडिलांची दुसरी बायको. कल्याणीची आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. पुढच्या वर्षी शालन घरात आली. “हिला आई म्हणायचं बरं का,” आत्यानं बजावलं. कल्याणी दारामागून म्हणाली, “मी मावशी म्हणेन.” आत्या हात उगारून धावली, तर शालनच मध्ये आली. “म्हणू दे, वन्सं. हाक मारली म्हणजे झालं.”

तोच शब्द राहिला. तो बदलावा असं कल्याणीला पुढे कितीदा तरी वाटलं. दहावीचा निकाल लागला तेव्हा वाटलं, पहिला पगार हातात आला तेव्हा वाटलं, वडील गेले तेव्हा तर फारच वाटलं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि मागे फिरायचा. मग मावशीचे कान गेले, आणि आता म्हणून काय उपयोग, असं तिनं ठरवून टाकलं. ओठांवरून मावशीला कळलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी मावशीनं नेहमीसारखा डबा हातात दिला. “संध्याकाळी लवकर ये. भाकरी गार झाली की तोंड वाकडं करतेस.” दुपारी शेजारच्या चंपाताईंचा फोन आला. मावशी ओट्यापाशीच कोसळली होती. कल्याणी खराडीहून रिक्षानं पोचली, तोवर सगळं संपलं होतं.

बुद्धवंदना झाली. पांढऱ्या साड्यांतल्या बायका आल्या, बसल्या, जयभीम म्हणून गेल्या. आत्याही गावी परतली. घरात कल्याणी एकटी उरली.

त्या दुपारी तिनं डबी हातात घेतली. धावपळीत कुणीतरी ती बंद केली होती. सेल काढून ठेवून द्यावी, असं तिच्या मनात होतं. उगाच एकदा चालू केली. चालू होताना शिकलेले दिवे एकेकदा लुकलुकायचे. तांबडा लुकलुकला. पिवळा. हिरवा.

पांढरा.

ती डबीकडे बघत राहिली. हा तिनं शिकवला नव्हता.

आत काय आहे, ते ऐकता येणार नव्हतं. एवढ्याशा चिपमध्ये आवाज मावत नाही, फक्त त्याचा आकार राहतो, थोडेसे आकडे. त्यांतून माणसाचा आवाज परत निघत नाही. तसाच आवाज पुन्हा कुणीतरी काढला, तरच दिवा लागणार.

तिनं भांड्यावर चमचा वाजवला. दूधवाल्यासारखी आरोळी दिली. चंपाताईंसारखं “अहो शालनताई” म्हणून पाहिलं. वडिलांचं नाव घेतलं. वंदनेचा पहिला शब्द म्हटला. मग स्वतःचं नाव. पांढरा दिवा ढिम्म.

“मावशी,” ती म्हणाली. हिरवा दिवा इमानानं लागला आणि विझला. स्वयंपाकघरातून कुणी आलं नाही.

कणकेचा डबा अजून ओट्यावरच होता. झाकणावर मावशीच्या पिठाळ बोटांचे ठसे होते. कल्याणी खाली फरशीवर बसली. डबी तिनं मांडीवर घेतली. “बघू,” असं मावशी म्हणाली होती, तेव्हा तिनं मान वर केली नव्हती.

कल्याणीनं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसताच श्वास निघाला. मग तिनं बाहेरच्या खोलीतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाक मारली.

“आई!”

पांढरा दिवा लागला.