कडेतली चटणी

मैथिलीनं पिझ्झाचा मऊ भाग तेवढा खाल्ला आणि कडा ताटलीत ओळीनं लावून ठेवल्या. समोर बसलेल्या वृंदाचा जीव खालीवर झाला. मैथिलीच्या वाढदिवसाला म्हणून तिच्या बाबांसकट तिघं हौसेनं हॉटेलात आली होती, आणि पोरीला आवडलं नाही की काय?

वर्षापूर्वी वृंदा लग्न होऊन घरात आली, तेव्हाही ही सावत्र लेक अशाच कडा टाकायची. हाक मारायची वेळ आलीच, तर ‘अहो’ म्हणून भागवायची; अजूनही तेच चालू होतं. पुढच्या रविवारी तव्यावर पिझ्झा करताना वृंदानं कडेला चीज आणि लसणाची चटणी भरली आणि कड दुमडून टाकली. त्या दिवसापासून ताटलीत तुकडा उरला नाही. पोरीनं मात्र चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही.

वेटर मैथिलीची ताटली उचलायला आला. “काय बेटा, कडा नाही आवडल्या?”

“नुसत्याच आहेत,” मैथिली फणकाऱ्यानं म्हणाली. “आमची आई आत चटणी भरते.”

तिच्या बाबांचा घास हातातच राहिला. पिझ्झा यायला वेळ होता म्हणून वृंदानं मघाशी क्रोशाचं विणकाम काढलं होतं. ते अजून मांडीवरच होतं. तिनं घाईघाईनं सुई उचलली आणि मान खाली घालून विणायला लागली. पण एक टाका दिसेल तर शपथ!