डावखुरी गाठ

प्रयोगशाळेत औषधी मुळ्या तपासणं तिचं काम. नमुन्याच्या पिशवीवर फक्त नंबर असायचा. माल कुणाच्या शेतातला, हे तिला कळता कामा नये. सत्तेचाळीस नंबरच्या पिशवीची गाठ मात्र तिने बघताक्षणी ओळखली. अशी डावखुरी गाठ बाबाच मारायचे. बुटाची नाडीही तिला त्यांनीच तशी बांधायला शिकवली होती. "मुळ्या अजून वर्षभर जमिनीत राहू द्या," तिने फोनवर बजावलं होतं. "लेकच तपासायला बसलीय, मला कसला घोर?" म्हणत ते हसले होते. तिने मुळ्या दळल्या, अर्क यंत्रात सोडला. औषधी अंश हवा त्याच्या निम्माच भरला. "पुन्हा लावायचं?" साहेबांनी विचारलं. "नको, यंत्र बरोबर आहे." तिने 'नापास' लिहिलं. उरलेला नमुना मालकाकडे परत जायचा, तपासणाऱ्याचं नाव न कळवता. तिने पिशवीचं तोंड आवळून तीच डावखुरी गाठ मारली.