हिरवी तार

“आणि ही हिरवी तार बॉडीला टेकली तर?” बाईंनी विचारलं.

वायरमन पेडलांपाशी डोकं घालून उताणा पडला होता. तसाच म्हणाला, “इंजिन जागच्या जागी बंद. ही कॉइलकडून येते, ताई. ठिणग्या मोजून मीटरच्या काट्याला सांगते. तिला पत्रा लागला की ठिणगीच पडत नाही.”

“चालत्या गाडीतसुद्धा?”

“चालत्या गाडीतसुद्धा.”

“कुणी केलं ते कळतं?”

आता मात्र त्याच्या हातातली पक्कड थांबली.

जुन्या गाडीला इंजिनचे फेरे दाखवणारा नवा आरपीएम मीटर बसवायची हौस साहेबांची. साहेब समोरच्या चहाच्या दुकानात, अगदी खिडकीशी, गॅरेजकडे तोंड करून बसले होते. बाई इकडे, ड्रायव्हरच्या उघड्या दारापाशी स्टुलावर.

माणसं तोलायची वायरमनची एक पद्धत होती. गाडीचं दार कोण कसं लावतो, एवढंच तो बघायचा. आपटणाऱ्याला घरी बायकोशी धड बोलता येत नाही, असा त्याचा ठाम हिशेब. आणि स्वतः तो आपटणाऱ्यांतलाच असल्यामुळे या विषयात त्याला अधिकारही होता. साहेब दार दोन बोटांनी लावायचे. बायकोचं दार तर स्वतः वळसा घालून येऊन उघडायचे. आजही गाडी फाटकात थांबवून त्यांनी आधी बाईंना उतरवलं, मग बाईंची बाजू भिंतीला खेटून गाडी लावली. “मॅडम इथंच बसतील, कुठं जाणार नाहीत,” म्हणाले आणि हसले. इतक्या वर्षांत बाईंनी आपल्या हाताने दार उघडलेलं वायरमनने पाहिलं नव्हतं. एकेकीचं नशीब!

“मीटर माझ्या बाजूला लावता येईल?” बाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

“गाडी साहेब चालवणार आणि काटा तुम्ही बघणार?”

“मीटर नाही तर नुसती ती तार तरी. माझ्या हाताशी.”

“तार घेऊन काय करणार, ताई? कपडे वाळत घालणार?”

स्वतःच्याच विनोदावर तो हसला. बाई हसल्या नाहीत. मग त्यालाही पुढचं हसू आलं नाही.

मीटरच्या दिव्यासाठी फ्यूज शोधायला त्याने पडल्या पडल्याच डॅशबोर्डच्या पलीकडच्या खणात हात घातला. आत फडक्यात गुंडाळलेली दोन हँडलं निघाली. एक दाराचं, एक काच खाली-वर करायचं. धडधाकट, स्क्रूसकट. जुन्या गाडीवाले असलं सुटं सामान जपतातच. त्याने ती परत गुंडाळून ठेवली. मान वर केली तर बाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

“आज कुठं, ताई?” काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला.

“घाटात. वरच्या वळणावर. तिथला कठडा तुटलाय.” ओठ हलले न हलले. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून साहेबांनी हात हलवला. बाईंनीही हलवला. छान हसल्यासुद्धा. हात खाली आला तेव्हा हसू पार पुसलेलं होतं.

वायरमनच्या डोळ्यांपुढे घाट उभा राहिला. चढावर इंजिन बंद. ब्रेक दगडासारखा जड. गाडी मागे सरकणार, मागे कठडा नाही. आणि तार कुठून कशी जाते ते सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने शिकवलं होतं!

“दादा,” बाई म्हणाल्या, “साहेबांना तुम्ही कितपत ओळखता?”

“साहेबांना? देवमाणूस! घरी बायकोला मी त्यांचाच दाखला देतो. ती म्हणते, दाखला नको, शिकून दाखव.”

पुढे झुकलेल्या बाई स्टुलावर मागे सरकल्या.

मग वायरमनने आयुष्यात कुणाच्या गाडीला केलं नव्हतं असं काम केलं. हिरव्या तारेचा प्रत्येक जोड झाळून पक्का केला. त्यावर नळी चढवली, ती लोखंडी पाइपात घातली आणि पाइप डॅशबोर्डच्या मागे रिव्हेट मारून बसवला. आता त्या तारेला बोट लावायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला असता.

“एवढं कशाला?” बाईंनी विचारलं.

“सेफ्टी, ताई.”

त्या पांढऱ्याफटक पडल्या. मनात चोर असला की असंच होतं, त्याने ताडलं.

साहेब आले. किल्ली फिरवली, काटा थरथरत वर चढला आणि साहेब लहान मुलासारखे खूश झाले. तरी वायरमनला राहवेना. बॉनेट दाखवायच्या निमित्ताने त्याने त्यांना पुढे घेतलं. “साहेब, वाईट वाटून घेऊ नका. मॅडम त्या तारेचं फार विचारत होत्या. गाडी बंद कशी पडेल म्हणून.”

साहेबांनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. “असं का?”

“पण मी बंदोबस्त केलाय. आता कुणाचा हात पोचायचा नाही.”

“बरं केलंत सांगितलंत.” त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. “म्हणजे आता मध्येच कुठं थांबायची भीती नाही.”

त्यांनी गाडी भिंतीपासून बाहेर काढली, उतरले, वळसा घालून बाईंचं दार उघडलं. बाई बसल्या. साहेबांनी दोन बोटांनी दार लावलं, नीट लागलंय का ते बाहेरून दाबून पाहिलं आणि परत स्टिअरिंगवर जाऊन बसले.

चला, एक जीव वाचला. वायरमनने अवजारं गोळा करायला घेतली. तेवढ्यात मीटरचा खोका बाकावरच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. खोका घेऊन तो धावला आणि बाईंच्या खिडकीवर टकटक केली. काच खाली आली नाही. तो वाकून आत बघू लागला.

दाराच्या आतल्या बाजूला, जिथं हँडलं असायची, तिथं दोन नागड्या चौकोनी खुंट्या होत्या, आणि गाडी हलली तरी बाईंची बोटं त्यातली एक फिरवायला धडपडत होती.