आधी तू दाव

मिशरीच्या अभ्यासासाठी आलेल्या डॉक्टरीणबाईंपुढं तोंड उघडायला एकही बाई तयार होईना.

“आधी तू दाव, मग आम्ही,” हौसाकाकू गावची आशा सेविका असलेल्या कौसल्याला म्हणाल्या.

कौसल्यानं चार वर्षांपूर्वी मिशरी सोडली होती. तिचं बघून गावातल्या अकराजणींनी सोडली. ती हसत खुर्चीवर बसली.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी धरली. गालाच्या आतून बोट फिरवलं, मग पुन्हा तिथंच दाबून पाहिलं.

“गाठ लागतेय,” त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. “उद्याच तालुक्याला या. घरचं कुणीतरी बरोबर आणा.”

बायका टक लावून बघत होत्या. खरं कळलं, तर सोडून तरी काय उपयोग म्हणत त्या पुन्हा तंबाखू भाजायला घेतील, हे कौसल्याला ठाऊक होतं.

“काही नाही,” खुर्चीला धरून उठत ती म्हणाली. “सोडलं की तोंड असं साफ होतं. बसा, काकू.”