जांभळा कागद

"तोफेची दारू आहे मॅडम, बत्तीस वर्षांची. बाद म्हणून शेरा मारा, आम्ही जाळतो," तरुण तपासनीस म्हणाला.

"वय झालं म्हणून? मग मलाही न्या. पुढच्या महिन्यात अठ्ठावन्न पुरी होतायत."

बाईंचा संताप खरा होता. वरच्यांनी चाचणी न बघताच दारू आणि बाईंची प्रयोगशाळा दोन्ही मोडीत काढायचं ठरवलं होतं. साठवलेली दारू आतल्या आत कुजते, आंबट वाफ सोडते. ती वाफ गिळण्यासाठी दारूत स्थिरक नावाचं रसायन घातलेलं असतं. ते संपलं की दारू आपोआप तापते आणि कोठार उडतं. पण संपलंय की नाही, हे चाचणी सांगते.

कोठारवाला नमुन्याची बाटली ठेवून डोळे चोळत उभा राहिला.

"सर्दी अजून गेली नाही का रे?"

"कोठारात गेलं की होते, ताई."

"नमुना तुमच्यासमोर काढला?" तपासनीसाने विचारलं.

"माझे गुडघे टेकडी चढत नाहीत. किल्ली ह्याच्याकडे असते. वीस वर्षं ह्याच्या हातावर माझा भरवसा आहे."

बाईंनी दारू नळीत घातली, वर जांभळा कागद लटकवला आणि नळी तापत्या कुंडात सोडली. चाळीस मिनिटांच्या आत कागद गुलाबी झाला, तर दारू बाद.

चाळीस झाली. पन्नास झाली. कागद जांभळाच.

तपासनीस चाचण्यांची जुनी वही चाळत होता. "पाच वर्षांत एका मिनिटाचाही फरक नाही?"

"सांभाळलंय आम्ही! माझी स्वतःची मुलगी त्या कोठारात रोज पेट्या मोजते. खोटा शेरा मारीन का मी?"

'आणखी पाच वर्षे योग्य' असं लिहून बाईंनी झोकात सही केली. शेऱ्याचा कागद घेऊन तपासनीस गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडली, तशा बाई खुर्चीत रेलून मनापासून हसल्या.

"कशी जिरवली! आता बघू कोण आपल्याला मोडीत काढतं."

कोठारवाला हसला नाही.

"ताई, मुलीला उद्यापासून कोठारात पाठवू नका."

"का रे? आत्ता तर बघितलंस."

"जुन्या पेटीचं झाकण उघडलं की डोळ्यांची आग होते." तो खाली बघत म्हणाला, "प्रयोगशाळा बंद पडू नये म्हणून पाच वर्षं मी नमुना नव्या पेटीतून आणतोय."