पाणी कुठलं

“ऑपरेशनच्या वेळी रक्त गार-गरम करणाऱ्या मशीनच्या पाण्यात जंतू होते,” डॉक्टर म्हणाले. “ते हवेतून तुमच्या मिस्टरांच्या नव्या झडपेवर बसले. हा ताप त्याचाच.”

“पाणी कुठलं होतं?” सुहासिनीने विचारलं.

“नळाचं. तसं भरायला नको होतं.”

तिने मान हलवली. रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

ऑपरेशननंतर नणंदेने भावाच्या तोंडात नरसोबाच्या वाडीहून आणलेलं चमचाभर तीर्थ घातलं होतं. पुढे ताप सुरू झाला, तेव्हा सुहासिनी सगळ्यांदेखत तिच्यावर तुटून पडली होती. “तुमच्या नदीच्या पाण्यानेच हे झालं. त्यांच्याजवळ फिरकू नका!” तेव्हापासून नणंद रोज भेटीच्या वेळी यायची आणि लिफ्टजवळच्या बाकावरूनच परत जायची.

आजही ती तिथेच होती. सुहासिनी तिच्याशेजारी बसली. समोर आयसीयूचं दार होतं.

“वन्सं, ते पाणी इथलंच होतं,” सुहासिनी म्हणाली. “आत जा. तीर्थ असेल तर द्या त्यांना.”

नणंदेने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. “तू बोललीस त्याच दिवशी तुळशीत ओतलं गं सगळं.”